चाळाचा पाय

माझी डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटर जाड झाली होती, तेव्हाही मी नाचत होते. आकडा नक्की सांगते, कारण माझ्या चोळ्या मी स्वतः शिवते आणि मोजपट्टी हाताशीच असते. उजवी पस्तीस, डावी एकोणचाळीस. दुसऱ्या कुठल्याही घरात अशा बाईला उचलून दवाखान्यात नेलं असतं. आमच्या घरात माझं कौतुक झालं.

असं का झालं हे कळायला आधी आमचं काम आणि माझ्या आईचा पाय माहीत असायला हवा.

मी वनिता. वय बेचाळीस. शहराबाहेर पुणे रस्त्यावरच्या एका कलाकेंद्रात मी नाचते. आमच्या पार्टीत सहा बायका, एक ढोलकीवाला, एक पेटीवाला. बैठकीला येतात ती सगळी मोठी माणसं. लहान पोरांना आत सोडत नाहीत. गाणं, नाच, शब्दाला शब्द, डोळ्याला डोळा, हे आमचं काम. माझी आजी हेच करायची, आई हेच करायची, आणि मयत बहिणीची मुलगी कोमल, वय चोवीस, तीही माझ्याबरोबर हेच करते. बजाजनगरातलं आमचं चार खोल्यांचं घर या कामावर उभं राहिलं. त्यात आई, मी, कोमल, वाळूजच्या कंपनीत कामाला असलेला माझा धाकटा भाऊ दिनेश आणि त्याची बायको राहतात. माझा एक माणूस आहे. गंगापूरकडचा, ऊस-कापसाची शेती असलेला. त्याचं घर वेगळं आहे. अठरा वर्षं आमचं नीट चाललं आहे, आणि त्याच्याबद्दल मी कधी कुणापुढे मान खाली घातली नाही.

हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या हकिकतीत हे सांगणं न सांगणं हाच जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला.

आईचा पाय

आईचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा आहे. कातडी काळवंडलेली, हाताला टणक. लहानपणापासून मी तो तसाच पाहिला. आमच्यात त्याला चाळाचा पाय म्हणतात. एकेका पायात अडीच किलो घुंगरांचे चाळ बांधून वर्षानुवर्षं नाचलं की पाय असा भरतो, अशी समजूत. असा पाय म्हणजे मोठा मान. नवीन मुली पार्टीत आल्या की आईच्या त्याच पायाला हात लावून नमस्कार करायच्या.

पण घरात त्या पायाची दुसरीही गोष्ट होती. माझ्या वेळी आई बाळंत झाली आणि सव्वा महिना पुरा व्हायच्या आधीच चाळ बांधून उभी राहिली. आठवड्यात पाय सुजला. आजी म्हणाली, सुवेराच्या विटाळात चाळाला शिवलीस, चाळ कोपले. तेव्हापासून आमच्या पार्टीत नियम इतर कुठल्याही पार्टीपेक्षा कडक झाला. पाळीत बाईनं चाळाला हात लावायचा नाही, चाळ ठेवलेल्या देव्हाऱ्यासमोरून जायचं नाही. कुणी कुरकुर केली तर आजी आईच्या पायाकडे बोट दाखवायची. बोलणंच संपायचं.

म्हणजे एकाच पायाला बाहेर मान आणि घरात दोष. आईनं दोन्ही गुमान घेतलं.

दोन कामांची गोळी

पाळी आली की चार-पाच दिवस बाजूला. सहा बायकांच्या पार्टीत रोज एखादी तरी बाजूला, मग बारी, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, लागणार कशी? यावर आमच्या मालकीण शेवंताबाईंनी तोडगा काढला होता. त्या स्वतः नाचणारीतून मालकीण झालेल्या. वाईट बाई नाहीत. जे आम्हाला दिलं ते त्यांनी स्वतः वीस वर्षं घेतलं.

तोडगा असा. मूल राहू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांची पाकिटं त्या सगळ्यांसाठी एकदम आणायच्या. त्या पाकिटात शेवटी सात तपकिरी गोळ्या असतात, त्या घेताना पाळी येते. आम्ही त्या सात टाकून द्यायचो आणि लगेच पुढचं पाकीट फोडायचो. मधेच कधी डाग दिसला तर वर आणखी पाळी पुढे ढकलायची गोळी. जत्रांचा हंगाम असला की चार-चार महिने असंच. मूलही नाही, पाळीही नाही. गोळ्या मेकअपच्या पेटीत काजळाशेजारी पडलेल्या असायच्या. एकीला विसर पडला तर दुसरी आठवण करायची. सगळ्यांना एकच गोळी. कुणाचं वय किती, कुणाचं ब्लडप्रेशर किती, कोण तंबाखू खातं, हे कुणी विचारलं नाही.

डॉक्टरला विचारायला काय झालं होतं, असं कुणी म्हणेल. डॉक्टरला विचारायचं म्हणजे आधी सांगायचं, आपण कोण. ते सांगितलं की खुर्ची मागे सरकते, हे आमच्यातल्या प्रत्येकीनं पाहिलेलं.

दम

डिसेंबरात माझी डावी पोटरी दुखायला लागली. पेटका आल्यासारखी. कोमल बिचारी रोज बारी संपली की कोमट तेल घेऊन बसायची आणि अंगठ्यानं रगडून रगडून मालिश करायची. सूज दबावी म्हणून मी चाळ आणखी आवळून बांधायला लागले. मग मोजलं, तर चार सेंटिमीटरचा फरक.

शेवंताबाई बघून हसल्या. म्हणाल्या, "वने, भरला की गं तुझाबी पाय. आईचा मान तुझ्याकडं आला."

खरं सांगते, मला बरं वाटलं. घरी जाऊन आईला दाखवला. तिनं त्यावरून हात फिरवला. मला वाटलं, तिलाही अभिमान वाटला.

मग घराचा जिना चढताना दम लागायला लागला. चौदा पायऱ्या, त्याही रोजच्या. श्वास ओढला की उजव्या बरगडीखाली सुई टोचल्यासारखं व्हायचं. गॅस असेल म्हणून ओवा खाल्ला. एका संध्याकाळी पहिल्याच बारीत, द्रुत लयीत गिरकी घेतली आणि श्वास आलाच नाही. डोळ्यापुढं पांढरं झालं. मी खाली बसले. ढोलकीवाल्यानं हात उचलला. तेवढ्यात कोमल पुढं आली, माझा पदर उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि मी सोडलेल्या ओळीपासून गाणं उचललं. बैठकीतल्या माणसांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मला आत नेलं.

आजही कुणी मला कोमलबद्दल विचारलं की मी आधी हे सांगते.

घरकाम

दिनेशला फोन गेला. त्यानं आणि कोमलनं मला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. अंगावर नऊवारी, तोंडावर रंग, तो कोमलनं रिक्षात ओल्या फडक्यानं पुसला. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. बोटाला यंत्र लावलं, त्यावर सत्त्याऐंशीचा आकडा. तो किती पाहिजे, असं मी विचारलं. पंचाण्णवच्या वर, असं त्या म्हणाल्या आणि नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला.

मग प्रश्न सुरू झाले. मला बोलवत नव्हतं म्हणून उत्तरं दिनेश देत होता. काम काय करतात? घरकाम. काही औषध चालू? नाही. काही जास्त दगदग? नाही, घरीच असतात.

दिनेश खोटा माणूस नाही. बजाजनगरात शेजाऱ्यांना त्यानं हेच सांगितलेलं आहे, तेच तोंडात बसलेलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. मॅडम लिहीत होत्या. मला हिशेबाची सवय आहे. घातलेले आकडे चुकीचे असले तर उत्तर बरोबर येत नाही, एवढं मला कळतं. मी मास्क खाली ओढला.

"मॅडम, मी घरकाम करत नाही. मी नर्तकी आहे. कलाकेंद्रात नाचते. आणि पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेते, मधे न थांबता. चार महिने झाले."

दिनेशनं फरशीकडे पाहिलं. मॅडमचं पेन थांबलं. आता खुर्ची मागे सरकणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. खुर्ची पुढे सरकली. त्या म्हणाल्या, "पाय दाखवा."

त्यांनी दोन्ही पोटऱ्या अंगठ्यानं दाबून पाहिल्या आणि मोजपट्टी मागवली. मी म्हणाले, डावी एकोणचाळीस, उजवी पस्तीस. त्यांनी मोजलं. तेच आलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा फोटो, मग मोठ्या मशीनमधला तपास. डाव्या पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ होती, आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन बसला होता. मॅडमनी हे साध्या शब्दांत सांगितलं. चाळाच्या वजनानं असं होत नाही. गोळ्यांनी शक्यता वाढते, वय चाळीसच्या पुढं असेल, प्रेशर वाढलेलं असेल तर आणखी. माझं एकशे साठ निघालं. आणि सुजलेला पाय रगडला तर गाठ सुटून वर जाऊ शकते.

कोमल दारात उभी होती. तिनं स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहिलं.

"म्हंजी मीच तुला मारलं असतं, मावशी."

मी तिला जवळ बोलावलं. सांगितलं, तुला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, शेवंताबाईंना माहीत नव्हतं. तू माझी ओळ उचललीस, तेवढं माझ्या लक्षात आहे.

मॅडमनी आणखी एक विचारलं होतं. घरात कुणाला पायात अशी गाठ झाली होती का? मी लगेच नाही म्हणाले. आईचा पाय मला आठवलासुद्धा नाही. तो आमच्याकडे आजार नव्हताच.

वॉर्ड

सकाळ-संध्याकाळ पोटावर इंजेक्शन. पोटावर निळे-जांभळे डाग पडले. पहिले काही दिवस खाटेवरून उतरायचं नाही, सगळं खाटेवरच. मला सगळ्यात जड हेच गेलं. पाय हलवून पोट भरणाऱ्या बाईला पाय हलवू नको म्हणणं. भीती वाटायची ती झोप लागताना, श्वास मधेच थांबेल म्हणून. मग मी बोटावरच्या यंत्राचे आकडे बघत पडायची. सत्त्याऐंशीचे एकोणनव्वद, मग ब्याण्णव. पंचाण्णव झाले त्या सकाळी मी सिस्टरना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "परीक्षेत एवढे पडले होते का कधी?"

शेजारच्या खाटेवर छावणीकडच्या सुशीलाताई होत्या. उशीजवळ बाबासाहेबांचा छोटा फोटो, आणि दिवसभर तोंड चालू. त्यांनी काम विचारलं. मी सांगितलं आणि वाट पाहिली. त्यांच्या सुनेनं त्याच वेळी डबा उघडला होता. सुशीलाताईंनी अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली. म्हणाल्या, "मी लोकाची धुणीभांडी करते असं सांगितलं, तर ह्यांनी मला काय इथली पातेली घासायला दिली नाहीत. तुला का नाचायला लावतील? जेव."

हसले तर बरगडीत दुखायचं, तरी हसले.

दिनेश रोज यायचा, पण माझ्याकडे न बघता उशी सारखी करायचा. एक दिवस बोललाच. चार लोकांत तू तसं सांगायला नको होतंस, अक्का. माझ्या कंपनीतला एक जण बाहेरच उभा होता. मी म्हणाले, तू सांगितलेल्या घरकामावर मॅडम माझ्या पायापर्यंत पोहोचल्या नसत्या. पाय झाकलेलाच राहिला असता, आणि उद्या तू त्याच कंपनीतल्या माणसाला मयतीचं सांगितलं असतंस. तो जाताना माझे पाय चादरीनं नीट झाकून गेला.

मॅडम स्टुलावर बसल्या

आई आली ती रिक्षानं, काठी टेकत. माझ्या खाटेजवळ बसली आणि सवयीनं उजवा पाय समोरच्या स्टुलावर टेकवला. लुगडं जरा वर सरकलं. नेमक्या तेव्हा मॅडम वॉर्डात फिरत आल्या. माझा कागद हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आजी, हा पाय कधीपासून असा आहे?"

"ही झाली तवापसून," आईनं माझ्याकडे मान केली. "चाळाचा पाय हाय बाई ह्यो. मानाचा. दुखणं नाय."

"बाळंतपणात सुजला?"

"व्हय. सव्वा महिना व्हायच्या आत चाळ बांधले म्हनून."

मॅडमनी आईचा पाय हळूच उचलला, त्या स्वतः स्टुलावर बसल्या आणि पाय मांडीवर घेतला. दाबला, बोटानं खळगा पडतो का ते पाहिलं. मग आईचीही सोनोग्राफी झाली. शिरेत जुन्या गाठीच्या खुणा होत्या. बाळंतपणात आणि नंतरच्या काही आठवड्यांत अशी गाठ होण्याची शक्यता जास्त असते, असं मॅडम म्हणाल्या. नाचली नसती तरीही झाली असती.

आईनं पायावर लुगडं ओढून घेतलं. मग म्हणाली, "चाळीस वर्सं लोकं ज्या पायाला शिवून पाया पडले, त्यो आजारी व्हता म्हणतीस तू?"

"आजारी होता. आणि त्याच पायानं तुम्ही नाचत होतात, आजी. आता मीपण पाया पडते."

आणि त्या खरंच वाकल्या. वॉर्डातल्या सगळ्यांनी पाहिलं.

मग मॅडम म्हणाल्या, असा धोका एका घरात अनेकांना असू शकतो. घरात आणखी कोण या गोळ्या घेतं? आई आणि मी दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. कोमल डबा घेऊन येत होती. माझी बारी तिच्याकडे गेली होती म्हणून त्या हंगामात ती दुप्पट नाचत होती, आणि गोळ्या एक दिवसही चुकवत नव्हती.

सिस्टर सांगतात

कोमलच्या पायात गाठ नव्हती. तिच्या रक्ताच्या तपासण्या पुढं व्हायच्या होत्या. तिनं गोळ्या मात्र त्याच दिवसापासून बंद केल्या.

कुटुंबनियोजनाच्या सिस्टरनी आम्हाला एका बाजूला बसवून सगळं समजावलं. त्यांनी सांगितलं तसंच सांगते, कारण कुणी हे वाचून घाबरून गोळ्या फेकून देऊ नयेत. गोळी बहुतेक बायकांना चालते. मधल्या सात दिवसांचा खंड न घेताही ती घेता येते, पण कुणाला चालेल आणि कुणाला नाही हे प्रेशर मोजून, वय बघून, घरातले आजार विचारून ठरवायचं असतं. मला आणि कोमलला ती चालणार नव्हती. कोमलनं तांबी बसवायचं ठरवलं. मला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या होत्या. तेवढ्यात तांबी बसवली तर रक्त जास्त जाईल, म्हणून तोवर निरोध. शिवाय निरोधानं रोग टळतात, ते तांबीनं टळत नाहीत. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आम्हा दोघींची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करून घेतली. आमच्या चार पिढ्यांत ती पहिलीच. दोघींची ठीक आली.

गंगापूरहून माझा माणूस भेटायला आला होता. सिस्टरनी त्यालाही बसवून घेतलं. निरोधाचं बोलणं निघाल्याबरोबर तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

"दादा, मी खिडकीला सांगत नाही, तुम्हाला सांगतेय."

तो म्हणाला, "इतकी वर्सं मला ह्ये कुणी सांगितलंच नाय."

"आता सांगितलं," सिस्टर म्हणाल्या आणि पाकिटं त्याच्या हातात दिली. त्यानं ती धोतराच्या कनवटीला लावली आणि तशीच एसटीनं गावाला नेली. अठरा वर्षांत त्यानं माझ्यासाठी साड्या आणल्या, एकदा म्हैस आणली. ती पाकिटं मला त्याहून मोलाची वाटतात.

नियम

मी घरी आले. पायात घट्ट मोजे, रोज ठरल्या वेळी गोळी, नाच बंद. पण खरा पेच माझा नव्हता, कोमलचा होता. तांबी बसली, मूल राहायची चिंता मिटली, पण पाळी आता येणारच. आणि पाळी आली की चाळ बंद. पहिल्या महिन्यात ती पाच दिवस बाजूला बसली आणि मी तर नव्हतेच. उरल्या चौघी. शेवंताबाई घरी आल्या, माझ्यासाठी डाळिंबं घेऊन. इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, पार्टी मोडायला आली आहे, कोमलच्या जागी जालन्याकडची एक मुलगी विचारत होती. त्या धमकी देत नव्हत्या. त्यांनाही घर होतं.

त्या गेल्यावर कोमल भिंतीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, हंगामापुरत्या गोळ्या चालू करते मावशी, फक्त हंगामापुरत्या. माझे पाय चांगले हायेत.

मी ओरडले नाही. मोजपट्टी आणून तिच्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या. चौतीस, चौतीस. म्हणाले, माझेही सारखेच होते. ती रडली. पण कबूल झाली नाही. रोजची बारी गेलेल्या चोवीस वर्षांच्या नाचणारीला आकडे किती दिवस थांबवणार, हे मला कळत होतं.

आई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिनं फक्त विचारलं, आता कधी येणार तुझी?

त्या महिन्याची पाळी आली त्या दुपारी आईनं नवं लुगडं नेसलं. कलाकेंद्रात ती किती तरी वर्षांत गेली नव्हती. दिनेशला म्हणाली, रिक्षा आण. तो रिक्षावाल्याशेजारी बसला, आम्ही तिघी मागे. आई आत शिरली तशा पार्टीतल्या मुली उठून उभ्या राहिल्या, पायाला शिवायला पुढे आल्या. आईनं त्यांना हातानं थांबवलं. सरळ देव्हाऱ्याजवळ गेली. तिथं तिचे स्वतःचे जुने चाळ ठेवलेले, रोज त्यांना हळद-कुंकू लागतं. तिनं ते उचलले.

शेवंताबाई म्हणाल्या, "मावशी, पोरगी बाजूला हाय आज."

"ठावं हाय मला."

"मग?"

आई खुर्चीत बसली. पाय पुढे केला, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. आजवर तिनं तो पाय असा सगळ्यांसमोर उघडा केला नव्हता.

"सुवेरात शिवली म्हनून चाळ कोपले, आसं माझी आई मरेस्तवर मला बोलली. समद्या पार्टीला माझा पाय दाखवून नियम घातला. दवाखान्यात मशीन लावून बघितलं. चाळ कोपले नव्हते. रगताची गाठ व्हती. मंग नियम कशाच्या जिवावर उभा हाय, शेवंता?"

ढोलकीवाला ढोलकीची दोरी आवळत होता, त्यानं हात थांबवला. शेवंताबाईंनी आईच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या मोज्यांकडे. त्यांनी स्वतः वीस वर्षं गोळ्या घेतल्या होत्या. त्या खाली बसल्या आणि पदरानं डोळे टिपले.

"तुमीच बांधा मग," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा हात धजायचा नाय."

आता

आमच्या पार्टीत पाळीत कुणी बाजूला बसत नाही. जिला दुखतं तिनं सुट्टी घ्यावी, तिची बारी दुसरी सांभाळते. मेकअपच्या पेटीत आता गोळ्या नाहीत. ज्या घेतात त्या डॉक्टरला विचारून, स्वतःच्या स्वतः घेतात. शेवंताबाईंनी प्रेशर मोजायचं यंत्र आणलं आहे आणि ते सगळ्यांना लावायचं काम आपोआप माझ्याकडे आलं आहे. फेरतपासणीला गेले तेव्हा कागदावर काम काय लिहायचं, असं खिडकीतल्या माणसानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी दिनेश म्हणाला, "कलावंत आहेत. नाचतात." मागे रांग होती. तो आवाज न दबवता बोलला.

माझा डावा पाय छत्तीसवर आला आहे. मॅडमनी हळूहळू नाचायला सांगितलं आहे, चाळ न आवळता. एका पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक दम, यातलं काही झालं तर पाय चोळू नका, लगेच दवाखान्यात जा. आणि तिथं काम विचारलं तर खरं सांगा. खुर्ची मागे सरकली तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, पण खरंच सांगा.

कलाकेंद्रात आईनं चाळ उचलले त्या दिवशी तिला खाली बसता येईना. म्हणून कोमलनं स्वतःचा पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवला. आईनं चाळ बाजूला ठेवले. आधी कोमलच्या दोन्ही पोटऱ्या अंगठ्यानं दाबून पाहिल्या, मॅडमनी दाबल्या होत्या तशा, वरून खाली, सावकाश.

"नरम हायेत," ती म्हणाली, आणि मग चाळ बांधायला घेतले.